दोन-दोन इंचांवर

खोली आठ बाय साडेनऊ.
टेप मी तीनदा लावला, चौथ्यांदा त्रिशलानं.
भिंतींच्या बाबतीत माझ्यावर तिचा विश्वास नाही.
खिडकी पंचगंगेकडं. म्हणजे मधे सहा घरं,
एक पत्र्याचं शेड, आणि मग नदी.

दुंडाप्पा सुतारांनी विचारलं,
"पलंग किती वर्षांचा करायचा?"
फुटांचा नाही. वर्षांचा.
पोरगी चार वर्षांची आहे, मी म्हणालो,
अठरापर्यंत पुरला पाहिजे.
ते पेन्सिल कानावर ठेवून हसले.
"माझी लेक बाविसाव्या वर्षीबी मुटकुळं करून झोपायची.
लाकडाला कळतंय व्हय असलं?"

मी उद्यमनगरात लेथवर असतो.
परक्याच्या पंपाचा शाफ्ट
मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत नेमका उतरवतो,
कारण ड्रॉइंग आलेलं असतं, खाली सही असते.
सन्मतीचं ड्रॉइंग कुणी पाठवलेलं नाही.

म्हणून सुट्टीनंतर थांबून दोन पट्ट्या केल्या,
त्यांत दोन-दोन इंचांवर अकरा भोकं.
आज बोल्ट पहिल्या भोकात: साडेचार फूट.
वाढदिवसाला काढायचा, ओढायचं,
पुढच्यात घालायचा.
टेबलाच्या पायांनाही तसंच.
आरशासाठी त्रिशला म्हणाली,
वरचा खिळा आत्ताच मारून ठेव,
राहू दे रिकामा.

लक्ष्मीपुरीतल्या दुकानदारानं
भिंतीला चिकटवायचे कागद उलगडले:
ससे, राजवाडे, जलपरी, ढगांवरचे हत्ती.
सन्मती म्हणाली, "म्हस पाहिजे."
कोपऱ्यावर संध्याकाळी जिची धार काढतात ती,
कपाळावर चांदवा असलेली.
दुकानदारानं कॅटलॉग दोनदा चाळला.
म्हशी नव्हत्या.

मग त्रिशलानंच रंगवली. शिंगं जरा जास्त झाली.
पण कपाटाच्या दाराला आतून.
बारा-तेरा वर्षांची होईल, मैत्रिणी येतील,
तेव्हा दार लावलं की म्हस गोठ्यात.
आणि एकटी असेल तेव्हा उघडता येईल.

जुना रंग खरवडताना रेघ निघाली.
एकोणीसच्या पुराची.
चार फूट एक इंच.
पेंटर पुट्टी घेऊन आला, त्याला थांबवलं,
चौकटीजवळ वीतभर तशीच ठेव म्हटलं.
तिथं सन्मतीला पाठ टेकून उभी केली.
रेघ तिच्या डोक्याच्या दहा इंच वर.
तिनं विचारलं, "ही कुणाची उंची?"
"पाण्याची."
"ते आता किती वर्षांचं आहे?"
मी पेन्सिल शोधायला लागलो.

वायरमन म्हणाला, बटणं रेघेच्या वरच घ्या.
बरोबर होतं त्याचं.
पण रात्री घाबरून उठली तर
हात कुठं पोचतोय तिचा?
पाण्याच्या वर आणि पोरीच्या खाली
अशी जागाच नाही भिंतीत.

शेवटी दिव्याला दोरी लावली, ओढायची.
दर वर्षी खालून बोटभर कापायची.
घरात सगळं तिच्यासाठी लांबवत बसलोय,
ही एक दोरी तेवढी आखडत जाणार.

काम संपलं त्या रात्री ती आमच्यातच झोपली.
तिच्या खोलीत जाऊन मी पलंग सहज ओढून बघितला,
शेवटच्या, अकराव्या भोकापर्यंत.
सहा फूट दोन इंच.
अन् दार उघडेना.
दहाव्याला उघडत होतं, भिंतीला घासून का होईना.
अकराव्याला फळी मधे येत होती.
खोली आठ फुटी, दार दोन फुटी.
हिशेब मीच केला होता.

सकाळी दुंडाप्पांना फोन लावला.
ते चहा पीत होते, घोट ऐकू आला.
"एवढी उंच झाली," ते म्हणाले,
"तर दार भाईर उघडणारं करू की.
बिजागऱ्या तेवढ्या फिरवायच्या.
अर्ध्या तासाचं काम."

मी बोल्ट परत पहिल्या भोकात घातला.
पाना कपाटात ठेवला,
म्हशीच्या पायाशी,
सापडेल असा.